चार कप्प्यांच्या खालची ओळ

आमच्या कामरगावात कुणाच्याही घरी दवाखान्याचा कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो. मी डॉक्टर नाही. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, सत्तावीस वर्षं झाली. पण रक्ताचा रिपोर्ट, छातीचा एक्स-रे, थायरॉईडचा आकडा, जे काही इंग्रजीत छापून येतं ते "मॅडमले दाखवा" म्हणून माझ्या ओसरीवर येऊन पडतं. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू. चष्मा नाकावर घ्यायचा, कागद उजेडाकडे धरायचा, दोन मिनिटं काही बोलायचं नाही आणि मग एकदम निकाल द्यायचा. बहुतेक वेळा माझं बरोबर निघतं. नवरा गेल्यापासून घरातले सगळे निर्णयही मीच घेत आले, त्यामुळे कुणाला विचारायची सवय राहिलेली नाही.

माझी एकुलती एक मुलगी सासरी रिसोडला असते. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात वाशीमला जाऊन तिनं सोनोग्राफी केली आणि रिपोर्टचे फोटो मला मोबाइलवर पाठवले. तीन पानं होती. डोकं, पाठीचा कणा, पोट, मूत्रपिंडं, सगळं क्रमानं लिहिलेलं. मी सरळ हृदयावर गेले. तिथं लिहिलं होतं की हृदयाचे चारही कप्पे व्यवस्थित दिसतात.

आता हृदय म्हणजे माझा हातखंडा धडा. आठवीच्या वर्गात मी दरवर्षी पाच मिनिटांत फळ्यावर हृदय काढते. पेरूसारखा आकार, मधे उभी रेघ, आडवी रेघ, वर दोन अलिंदं, खाली दोन निलयं. उजवीकडं निळा खडू, डावीकडं लाल. वरच्या नळ्या काढायला लागेपर्यंत घंटा व्हायला आलेली असते, म्हणून दोन वाकड्या रेघा मारते आणि "इथून रक्त बाहेर जातं" म्हणून डस्टर उचलते. इतक्या वर्षांत एकाही मुलानं त्या दोन रेघांबद्दल काही विचारलं नाही.

मी मुलीला फोन लावला. "झालं वं. चारही कप्पे जागेवर हाय."

"आई, त्याच्या खाली अजून एक ओळ हाय," ती म्हणाली. "पुन्हा या म्हणते."

ती ओळ मी वाचली होती. बाळ ज्या कुशीवर होतं त्यामुळे हृदयातून बाहेर निघणाऱ्या नळ्या नीट दिसल्या नाहीत, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी, असं तिथं होतं.

"अवं, दिल दिसलं ना? मंग नळ्या कुठं जाऊन राह्यल्या? दिल हाय त नळ्या असतीनच. या रस्त्यानं गचके खात पुन्हा कायले जातं वाशीमले?"

ऑगस्टचा महिना होता, रस्त्यांची चाळण झाली होती, आणि मला खरोखरच तिची काळजी होती. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. काळजी होती आणि चूकही होती, दोन्ही एकाच फोनमध्ये. मुलीनं माझं ऐकलं. लहानपणापासून ती माझं ऐकत आली आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची पद्धत. सासरच्यांनी सातव्या महिन्यात आणून सोडायचं असं ठरलं होतं, पण त्याआधीच सप्टेंबरच्या शेवटी ती चार दिवस राहायला आली. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली होती, गावात दिवसभर थ्रेशरची घरघर. ती आली हे कळताच आमच्या भागातली आशाताई रजिस्टर घेऊन हजर. बाळंतपण कामरगावात होणार म्हणजे नाव तिच्याकडे लागणार, सगळ्या तारखा तिला भराव्या लागणार. ही आशाताई माझीच विद्यार्थिनी. दहावीला विज्ञानात दोनदा नापास झाली होती आणि तिसऱ्यांदा कशीबशी पास झाली, तेव्हा मीच तिला पेढा भरवला होता.

ती दारातच बसली, फाईल मांडीवर घेतली आणि सरळ शेवटचं पान उघडलं.

"काय वं, पयल्या पानापासून वाच ना," मी म्हणाले. शिक्षकाची जीभ, राहवत नाही.

"वरचं मले समजतच नाही मॅडम. मी आपलं खालूनच पाहात असतो. औषध काय, पुन्हा कधी बोलावलं, तेवढंच." तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. "ही दोन हप्त्यातली तपासणी केली काय?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

"गरज नाही तिची," मी म्हणाले. "चारही कप्पे नॉर्मल हाय."

"असतीन ना. पन पुन्हा या म्हनून लिवलं हाय. मले इथं तारीख टाका लागते, रकाना कोरा नाही ठेवता येत."

"मंग टाक ना एखादी. केली म्हनून लिव."

तिनं पेन रजिस्टरवर ठेवलं आणि मान वर केली. "मॅडम, न केलेली कशी लिवू?"

ती हे भांडायला म्हणाली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं की मी असं कसं सांगितलं. ज्या मुलीला मी प्रयोगवहीत खोटी निरीक्षणं लिहिल्याबद्दल वर्गाबाहेर काढलं होतं, ती मला आता हे विचारत होती. मी म्हणाले, बरं बाई, जाऊ, तुझ्या रकान्यासाठी जाऊ. अमरावतीला फक्त पोटातल्या बाळांची हृदयं तपासणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत हेही तिलाच ठाऊक होतं. मला असला काही वेगळा धंदा असतो याचीच कल्पना नव्हती.

दोन दिवसांनी आम्ही मायलेकी सकाळच्या एसटीनं अमरावतीला गेलो. दवाखान्यात शिरताच तो नेहमीचा फलक, इथं गर्भलिंग निदान केलं जात नाही. आधार कार्ड, फॉर्म, मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही अशी मुलीची सही. नातेवाईक बाहेर. आपल्याकडे सोनोग्राफीचा पडदा डॉक्टरकडे तोंड करून असतो आणि आईला फक्त छत दिसतं, हे मला माहीत होतं. कायदा कशासाठी आहे तेही माहीत होतं, मीच शाळेत त्यावर भाषणं दिली आहेत. तरी बाकावर बसल्या बसल्या मला वाटत राहिलं की आत एक जिवंत हृदय चालू आहे, मी आयुष्यभर तेच शिकवलं, आणि मी इथं भिंतीवरचं कॅलेंडर पाहतेय.

अर्धा तास झाला. एवढा वेळ का लागतो हे कळेना. मग आतून मला बोलावलं.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. आवाज सावकाश. म्हणाल्या, "मला तुम्हाला काहीतरी समजावायचं आहे, आणि दाखवल्याशिवाय ते समजणार नाही. मी फक्त हृदय दाखवते. बाकी काही विचारायचं नाही, मी सांगणारही नाही." त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला.

मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मला आनंद झाला, अगदी वर्गात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक आला होता तसा. करड्या रव्यासारखं काहीतरी पसरलेलं, आणि त्यात एक बोराएवढी जागा उघडत मिटत होती. आमच्या दुप्पट वेगानं. वर दोन, खाली दोन. चार कप्पे! सत्तावीस वर्षं मी खडूनं जे काढत आले ते समोर चालत होतं. दोन कप्प्यांमधल्या झडपा टाळ्या वाजवाव्यात तशा मिटत होत्या.

मग मला वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक खाच दिसली. तिथं एक पातळ पापुद्रा सारखा डावीकडे फडफडत होता.

"छेद आहे!" मी म्हणाले. माझा आवाज चढला. आमच्या गावात दिलात छेद म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, शेजारच्या गल्लीतली एक पोरगी त्यानंच गेली.

"तो असायलाच हवा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला होता, मला होता. पोटात बाळ श्वास घेत नाही. चांगलं रक्त आईकडून वारेतून, नाळेतून येतं आणि ते आधी उजव्या बाजूला पोचतं. फुप्फुसांकडे जाऊन करायचं काय? म्हणून ते या दारातून डावीकडे जातं. जन्मल्यावर पहिला श्वास घेतला की दार मिटतं."

दोन्ही बाजूंचं रक्त कधीही एकमेकांत मिसळत नाही, हे वाक्य मी किती मुलांकडून पाठ करून घेतलं असेल! आणि ज्यांच्याकडून पाठ करून घेतलं त्यातल्या प्रत्येकाच्या छातीत जन्माआधी हे दार उघडं होतं. पुस्तकात हे नव्हतं आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्यांनी एक बटण दाबलं आणि पडद्यावर रंग आले. एका बाजूनं लाल झोत, दुसऱ्या बाजूला निळा. माझ्या जिवात जीव आला, हे माझ्या ओळखीचं होतं. "लाल शुद्ध रक्त, निळं अशुद्ध," मी म्हणाले.

त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत. "नाही हो. लाल म्हणजे माझ्या हातातल्या यंत्राकडे येणारं रक्त, निळं म्हणजे दूर जाणारं. मी हात फिरवला की जे लाल आहे ते निळं होईल." आणि त्यांनी हात थोडा फिरवला, तसं झालंही. मुलगी टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली, "आई, थोडं ऐकून त घे."

मग त्यांनी मला ती गोष्ट दाखवली ज्यासाठी आत बोलावलं होतं. यंत्र किंचित वर सरकवलं. चार कप्पे दिसेनासे झाले आणि त्यांच्यातून निघणाऱ्या दोन नळ्या दिसायला लागल्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दोन नळ्या होत्या, शेजारी शेजारी, सरळ वर जाणाऱ्या. त्यांनी यंत्र ठेवून स्वतःचे दोन्ही हात पुढे केले आणि मनगटांशी एकावर एक आडवे टाकले. "असं हवं. एक नळी दुसरीला ओलांडून जाते." मग हात सोडवून समांतर धरले. "इथं असं आहे. नळ्यांची अदलाबदल झालीय. शरीराकडे जाणारी महाधमनी उजव्या निलयातून निघालीय आणि फुप्फुसांकडे जाणारी डाव्यातून."

"पण चार कप्पे तर नॉर्मल आहेत," मी म्हणाले.

"चार कप्पे नॉर्मलच असतात यात. म्हणून तर फक्त चार कप्पे पाहून चालत नाही."

मी प्रश्न विचारायला लागले. आता आठवून मला लाज वाटते, कारण मुलगी तिथं पोट उघडं टाकून पडली होती आणि मी विचारत सुटले होते. मग बाळ वाढतंय कसं? त्याला त्रास होत नाही का? त्या सांगत गेल्या. पोटात काहीच त्रास नाही. ते दार उघडं आहे, दोन नळ्यांना जोडणारी एक छोटी वाहिनीही उघडी आहे, आणि श्वासाचं काम वार करतेय. वजन चांगलं, हालचाल चांगली. धोका सुरू होणार जन्मल्यावर. दार मिटू लागलं, ती वाहिनी आटू लागली की दोन वेगळी चक्रं होणार. फुप्फुसातलं चांगलं रक्त पुन्हा फुप्फुसात फिरत राहणार आणि शरीरातलं निळं रक्त शरीरात. मधे वाट नाही. म्हणून जन्मल्याबरोबर ती वाहिनी उघडी ठेवायचं औषध द्यायचं, गरज पडली तर फुग्यानं ते दार मोठं करायचं, आणि आठ-पंधरा दिवसांत शस्त्रक्रिया करून नळ्या बदलायच्या. हे सगळं जिथं एका छताखाली होतं तिथंच बाळंतपण व्हायला हवं. नागपूर. वेळेत पोचलं तर बहुतेक बाळं छान होतात, असंही त्या म्हणाल्या.

पोटात ठणठणीत आणि जन्म घेतला की जिवावर, असं काही असू शकतं हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. आणि ज्या छेदाला सगळं गाव घाबरतं तोच या बाळाला जगवणार होता.

"तुम्ही काय करता?" माझे प्रश्न ऐकून त्यांनी विचारलं.

"विज्ञान शिकवते."

"मग पहिल्या रिपोर्टमधली ती ओळ तुमच्या लक्षात आली असेल. बरं झालं आलात."

मुलगी छताकडे पाहत होती. परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसून तिनं बडनेऱ्यापासून कामरगावापर्यंत एक शब्द काढला नाही, आणि माझ्याजवळचे शेंगदाणेही घेतले नाहीत.

ती रिसोडला परत गेल्यावर मला चैन पडेना. पस्तावा एका जागी बसू देत नव्हता. आणि त्याहून मोठं कुतूहल होतं, तेही सांगितलं पाहिजे. त्या दोन नळ्या नेमक्या कशा ओलांडतात? रविवारी सकाळी मी मटणाच्या दुकानात गेले आणि बकऱ्याचं दिल मागितलं, वरच्या नळ्यांसकट.

"नळ्या त आमी कापूनच फेकतो मॅडम," दुकानदार म्हणाला. "कोनी खात नाही."

"खायला नाही पायजे."

त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, पण दिलं. मी ते ओट्यावर ताटलीत ठेवलं तेवढ्यात आशाताई अमरावतीची तारीख लिहून घ्यायला आली. मी तिला सगळं सांगितलं. ती रडायला लागेल असं वाटलं होतं, पण तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "दाखवा मंग."

आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहिलो. मी एका नळीतून पेनाची रिफिल खाली घातली, ती डाव्या निलयात उतरली. दुसरीतून अगरबत्तीची काडी घातली, ती उजव्यात. वर दोन्ही टोकं एकमेकींना ओलांडून तिरपी उभी राहिली. डॉक्टरीणबाईंच्या हातांसारखी. सत्तावीस वर्षांत मी एकदाही खरं हृदय कापून पाहिलं नव्हतं. मग आम्ही वरचे कप्पे उघडले. मधल्या पडद्यावर एके ठिकाणी अंगठा दाबल्यासारखा खोलगट, पातळ डाग होता. उजेडापुढे धरला तर पलीकडचं अंधूक दिसत होतं.

"इथं दार होतं," मी म्हणाले.

"या बकऱ्याले बी?"

"सगळ्यायले."

तिनं त्या जागेवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाली, "मॅडम, हे तुमी आमाले वर्गात काहून नाही दाखवलं?"

मी म्हणाले की मलाच माहीत नव्हतं. ती एवढी चकित झाली की मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं हात धुतले, माझेही धुवायला लावले आणि चहा ठेवला.

आता विहीणबाईंना सांगायचं होतं. मुलीनं जावयाला सांगितलं होतं, पण बाळंतपण माहेरी होणार नाही हे मीच बोलणं रीतीला धरून होतं. फोनवर मी आधी हृदय समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी दोनदा मधे विचारलं, "म्हंजे दिलात छेद हाय?" मी म्हणाले, छेद आहे, पण तो चांगला आहे, तो मिटायला नको आहे. मग त्या म्हणाल्या, "इहीनबाई, मले हे काई समजून नाही राह्यलं. पन लोक म्हनतीन मायनं पयल्या बाळंतपनाले पोरीले दूर लोटलं."

"म्हनू द्या," मी म्हणाले. "मायनं त्याच्याहून मोठी चूक केली हाय." आणि मी त्यांना त्या ओळीचं सांगितलं. दोन आठवड्यांनी या म्हणून लिहिलेलं आणि मी नको म्हटलेलं. विहिणीला असं काही सांगणं म्हणजे आयुष्यभराचं हत्यार तिच्या हातात देणं, हे मला कळत होतं. पण दुसऱ्या कुणाकडून तिला कळलं असतं तर मुलीला त्या घरात माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं असतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नागपुरात दवाखान्याजवळ खोली पाहा लागीन. मी बी येतो." त्यांनी ते हत्यार अजून तरी काढलेलं नाही. काढलं तर काढोत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघी नागपूरला एका खोलीत राहायला गेलो. दर दोन दिवसांनी तपासणी, आणि दर तपासणीत माझे प्रश्न. तिथले हृदयाचे डॉक्टर उंच, अबोल गृहस्थ होते. ते मला पाहिलं की खिशातून आपोआप पेन आणि कागद काढायचे. त्यांनीच मला सांगितलं की शस्त्रक्रियेत मोठ्या नळ्या बदलणं सोपं, अवघड असतात हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या दोन बारीक वाहिन्या. त्या सोडवून नव्या जागी लावाव्या लागतात. शिवणाऱ्याचा धागा केसाहून बारीक असतो. मी खोलीवर येऊन विहीणबाईंना सांगायचे, आणि त्या गाजरं किसता किसता ऐकायच्या. "हृदयाले बी रक्त लागते काय? थे त रक्तातच बुडालेलं हाय," त्या एकदा म्हणाल्या. इतका चांगला प्रश्न मला वर्गात कधी आला नव्हता.

महिना संपता संपता एका दुपारी मुलगी झाली. मोठ्यांदा रडली. तोवर आम्ही सगळे तिला नुसतं बाळ म्हणत होतो. मी तिला काचेतून पाहिलं. गोरटेली, डोक्यावर दाट जावळ, आणि दोन तासांत नखं जांभळाच्या सालीसारखी. औषधाची धार सुरू केलेली होती, तरी ऑक्सिजनचा आकडा साठाच्या आसपास घुटमळत होता. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांनी नाळेच्या शिरेतून एक बारीक नळी वर हृदयापर्यंत नेली, तिच्या टोकाचा फुगा त्या दारापलीकडे फुगवला आणि झटका देऊन ओढला. दार फाटून मोठं झालं. हे त्यांनी मला आधी कागदावर काढून दाखवलं होतं, म्हणून बाहेर बसून मला प्रत्येक टप्पा दिसत होता. विहीणबाई डोळे मिटून पुटपुटत बसल्या होत्या. मला तसं करता आलं असतं तर बरं झालं असतं. आत नेताना नखं जांभळी होती, बाहेर आणलं तेव्हा ओठांवर फिकट गुलाबी रंग होता.

दहाव्या दिवशी शस्त्रक्रिया. सकाळी आत नेलं, संध्याकाळ व्हायला लागली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. त्यांनी काही न बोलता दोन्ही हात पुढे केले, मनगटांशी एकावर एक टाकले आणि मान हलवली. विहीणबाईंनी मला पाणी पाजलं.

त्यानंतर बारा दिवस ती आयसीयूत होती आणि मग एका सकाळी मुलीच्या कुशीत दिली. छातीवर मधोमध पट्टी. दूध ओढताना दमायची, थांबायची, पुन्हा ओढायची. विहीणबाई खाली डबा आणायला गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघी आणि ती.

"आई," मुलगी म्हणाली. बाळाकडेच पाहत होती.

"काय वं?"

"आशाताई आली नसती अन् मी तुह्यंच ऐकून कामरगावाले राह्यली असती, त इले किती वेळ भेटला असता?"

मला उत्तर माहीत होतं. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंना, नागपूरच्या डॉक्टरांना, आयसीयूतल्या नर्सला, सगळ्यांना मी हे आडून आडून विचारून झालं होतं. दुसरं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की कशाला आता ते, सगळं चांगलं झालं ना. पण विचारत होती ती माझी मुलगी, जिनं तेव्हा माझं ऐकलं होतं.

"एखादा दिवस," मी म्हणाले. "दार लवकर मिटलं असतं त तेवढाही नाही. नखं निळी पाहून तू मले विचारलं असतं. अन् मी म्हटलं असतं, थंडी हाय, गुंडाळून ठेव."

तिनं मान वर केली नाही. बाळ दूध ओढत होतं, थांबत होतं. मग बाळानं तोंड सोडलं, आणि मुलीनं तिचे ओठ पदरानं टिपले.

"हात धुवून ये," ती मला म्हणाली.

मी उठले, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले आणि परत आले. तेव्हा तिनं बाळ माझ्याकडे दिलं.